आधी चालवा, मग खोला

पत्र: मी मिल्टन कीन्सला राहतो, आयटीत आहे. लोटस सेव्हनसारखी दोन सीटची उघडी गाडी स्वतःच्या हातांनी बांधायची, हे कॉलेजपासून डोक्यात होतं. गेल्या महिन्यात त्यासाठी डोनर (जिचे भाग काढून वापरायचे ती गाडी) म्हणून २००० सालची माझदा एमएक्स-५ घेतली, १.८ इंजिनची. सिल (दारांखालचे पत्रे) आणि मागच्या चाकांवरचे पत्रे गंजलेत. पुढच्या एमओटीत (इथल्या दरवर्षीच्या फिटनेस तपासणीत) ती पास होणार नाही असं विकणाऱ्यानेच सांगितलं. सध्याचा एमओटी अजून दीड महिना आहे. हिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफ्रेन्शियल, सस्पेन्शन किट कारला, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायच्या गाडीला, वापरायचं. किट कुठलं ते अजून नक्की नाही. तोवर दोन वीकेंडात गाडी खोलून टाकावी, नको ते भाग विकून किटच्या पैशाला हातभार लावावा आणि सांगाडा भंगारात द्यावा असा विचार आहे. बायकोचं म्हणणं, दारातलं भंगाराचं दुकान दोन महिन्यांच्या वर खपवून घेणार नाही. बाबा जूनमध्ये येतायत. ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि त्यांचे हात शिवशिवतायत. सुरुवात कुठून करू? वायरिंगचं काय करायचं? आणि पुढेमागे ही गाडी पुण्याला नेता येईल का?

उत्तर: गाडी तुम्ही चांगली निवडलीत. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन व्ही आकाराचे हात), आणि गंजलेल्या असल्या तरी आत सगळं ठणठणीत असलेल्या एमएक्स-५ इंग्लंडात अजून भरपूर मिळतात. एकेकाळी या कामाला फोर्ड सिएरा वापरायचे. त्या आता इतक्या कमी उरल्यात की खोलायला जीव होत नाही. तुमचा क्रम मात्र उलटा आहे. किट ठरलं नाही, आणि पाना हातात घेऊन तुम्ही तयार!

‘अर्धवट प्रोजेक्ट, डोनर पूर्ण खोललेली, वेळेअभावी विकणे आहे’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. सोबतच्या फोटोत बहुधा गॅरेजच्या कोपऱ्यात वायरींचं भेंडोळं असतं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात सगळे नट-बोल्ट एकत्र. चेसी नवीकोरी, चकचकीत. म्हणजे पैसा कमी पडला नव्हता. दोन वीकेंडात धडाधड खोललेली गाडी सहा महिन्यांनी जोडायला घेतली तेव्हा कुठला बोल्ट कुठला, हे सांगणारं कोणी राहिलं नव्हतं.

लोटस सेव्हनचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर तिच्याबद्दलचा एक किस्सा इथे चपखल बसतो. १९५७ साली ती आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. पण किटसोबत जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती. म्हणून लोटसने गाडी कशी खोलावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असं सांगतात. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही, पण तुमच्या कामाची पद्धत त्यात आहे. तुम्ही खोलताना जे लिहून ठेवाल, तीच तुमची जोडणीची पुस्तिका.

तर पहिलं काम: किट ठरवा. खोलण्याची रीतच त्यावर अवलंबून आहे. एक्सोसेटसारखं किट असेल तर गाडीचे तुकडे करायचेच नाहीत. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफ्रेन्शियल यांना जोडणारी एक लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असते, पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात तिला. तिच्यामुळे पुढची सबफ्रेम (बॉडीखालची पोलादी चौकट, जिच्यावर सस्पेन्शन बसतं), इंजिन, गिअरबॉक्स, डिफ्रेन्शियल आणि मागची सबफ्रेम हे सगळं चाकांसकट एका अखंड सापळ्यासारखं राहतं. वरची बॉडी फक्त उचलून बाजूला ठेवायची आणि नवी चेसी त्यावर उतरवायची. तिथे ही फ्रेम हौसेने सोडवून बसलात तर विनाकारण काम वाढेल. परत बसवताना गिअरबॉक्सची उंची आणि कोन जुळवत बसावं लागतं. याउलट झीरोसारखी सेव्हनच्या घराण्यातली गाडी घेतलीत तर चेसी वेगळी, मांडणी वेगळी, आणि एमएक्स-५ चे भाग सुटे करूनच वापरावे लागतात. कुठले घ्यायचे आणि कुठले नाहीत याची यादी किटवाला देतो. बयाणा भरा, ती यादी आणि पुस्तिका हातात घ्या, किट यायची तारीख लेखी मागा. तोवर गाडीचा एक स्क्रूही हलवायचा नाही.

मधल्या काळात काय करायचं? गाडी चालवायची. एमओटी आहे, टॅक्स आणि विमा भरा आणि रोज ऑफिसला न्या. एमओटीचा कागद आहे म्हणजे गाडी धडधाकट आहे असं नव्हे, तेव्हा सिलचा गंज सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापर्यंत पोचला नाही ना, एवढं आधी एखाद्या मेकॅनिककडून बघून घ्या. सकाळी गार इंजिन चालू करताना निळा धूर येतो का ते पाहा. ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर तापमानाचा काटा कुठे जातो? दुसरा गिअर गार असताना कुरकुरतो का? क्लच पेडल खाली बसून राहतं का? राहत असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय, एमएक्स-५ चं ते जुनंच दुखणं आहे. मोटरवेवर मागून घरघर येत असेल तर ती वळणावर बदलते का हेही ऐका. बदलली तर व्हील बेअरिंग, सरळ रस्त्यावर वेगाबरोबर चढत गेली तर डिफ्रेन्शियलकडे बोट. हे सगळं एका वहीत लिहा. शेवटी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ असले की झालं. इंजिन एकदा जमिनीवर आलं की यातलं बरंचसं तपासता येत नाही. मग शंका आहे म्हणून गिअरबॉक्स खोलायचा, किंवा शंका गिळून तो नव्या गाडीत बसवायचा आणि परत काढायचा. दोन्ही महागात पडतं.

आता कागद. पत्रात तुम्ही याचा उल्लेखही केला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्ही५सी, म्हणजे गाडीचं लॉगबुक, तुमच्या नावावर झालंय का? त्यावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर एकच आहे का? गाडीवर कोणाचं कर्ज आहे का, ती अपघातात विमा कंपनीने निकाली काढलेली आहे का, हे पैसे भरून तपासता येतं, तपासा. हे सगळं कशासाठी? किट कार तयार झाली की तिची आयव्हीए चाचणी होते, इंडिव्हिज्युअल व्हेइकल अ‍ॅप्रूव्हल. पूर्वी एसव्हीए नावाची चाचणी होती, २००९ पासून ही आहे. त्यानंतर डीव्हीएलए, म्हणजे इथलं वाहननोंदणी खातं, नंबर देतं. किट उत्पादकाची नवी चेसी आणि एकाच डोनर गाडीचे दोन मोठे भाग वापरल्याचं दाखवता आलं, तर डोनरच्या वयानुसार नंबर मिळतो. मोठे भाग म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं-मागचं सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग. तुमच्याकडे तर सगळंच एका गाडीचं आहे. पण कागद नसेल तर क्यू नंबर (वय किंवा ओळख सिद्ध न झालेल्या गाडीचा, क्यू अक्षराने सुरू होणारा) हातात पडतो, आणि क्यू नंबरची गाडी विकताना समोरचा आधी शंभर प्रश्न विचारतो. शिवाय धुराची चाचणी इंजिनच्या वयाप्रमाणे होते आणि ते वय तुम्हीच सिद्ध करायचं असतं. तेव्हा लॉगबुक, खरेदीची पावती, आणि नंबर स्पष्ट दिसणारे इंजिनचे फोटो एका फाइलमध्ये घाला. बांधणीचे फोटोही त्यातच टाकत जा, डीव्हीएलएच्या व्ही६२७/१ फॉर्मला जोडायला लागतात.

खोलायला घेण्याच्या दिवशी सॉर्न करा, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळवा. टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. मात्र त्यानंतर गाडी तुमच्या ड्राइव्हवेवर किंवा गॅरेजमध्येच हवी. समोरच्या रस्त्यावर एक रात्रही नको. सांगाडा भंगारात देण्याची तर अजिबात घाई नको. परवानाधारक भंगार केंद्राने एकदा सर्टिफिकेट ऑफ डिस्ट्रक्शन काढलं की त्या गाडीची नोंद बंद होते, आणि तुम्हाला तर तिचंच वय नव्या गाडीला लावायचं आहे. आधी डीव्हीएलएला लेखी विचारा, उत्तर फाइलला लावा, मग सांगाडा हलवा. भंगारवाला रोख देणार नाही, इथल्या कायद्याने बंदी आहे. पैसे बँकेतच येतील. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) कोरलेला चेसी नंबर कापून नव्या चेसीला चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाशी या विषयावर परत बोलू नका. तो सरळ गुन्हा आहे.

प्रत्यक्ष खोलण्याची सुरुवात पान्याने होत नाही. आधी गाडी धुवा, खालूनसुद्धा. मग आठवडाभर रोज संध्याकाळी गंजलेल्या बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा. डब्ल्यूडी-४० नव्हे, प्लसगॅससारखं. तुमचे खरे शत्रू खालच्या विशबोनचे लांब बोल्ट आहेत. चाकांचा कोन बसवण्यासाठी त्यांना मध्य सरकलेली (विकेंद्री) चकती असते, आणि पंचवीस वर्षांच्या मिठाच्या पाण्यात हा बोल्ट बुशच्या (जोडातल्या रबरी नळकांड्याच्या) आतल्या पोलादी नळीशी एकजीव झालेला असतो. नट सहज निघतो, आपण खूश होतो, आणि बोल्टला पाना लावला की रबरासकट सगळं मिळून फिरतं. तिथे अंगातली रग काढू नका. आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग उलट, परत तेल, परत हलवा. टॉर्चने तापवायचं तर पेट्रोलची टाकी आणि पाइप आधी बाहेर निघालेले हवेत. इतकं करून हललाच नाही तर विशबोन आणि सबफ्रेमच्या फटीत करवत घालून बोल्ट कापा. बुश तसेही नवे घालायचेत, बोल्टही नवे मिळतात. सबफ्रेमचे कान वाकले तर मात्र पस्तावाल. अखंड सापळा ठेवणारं किट घेतलंत तर हा सगळा छळ लगेच वाट्याला येणार नाही, तरी कधीतरी चाकांचा कोन लावताना येईलच. म्हणून तो आत्ताच उरका असं माझं मत.

बॉडी उचलायची तर ती कुठे-कुठे अडकलेली आहे ते फिरून पाहा. स्टिअरिंग कॉलमचा जोड, ब्रेकच्या नळ्या, क्लचची नळी, हीटरचे होज, पेट्रोलचे पाइप, हँडब्रेकच्या केबल, एक्झॉस्ट, गिअर लिव्हर (तो गाडीच्या आतून निघतो), आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे नट. पुढचे बॉनेटखाली दिसतात, मागचे डिकीतल्या अस्तरामागे लपलेले असतात आणि नेमके तेच विसरले जातात. सबफ्रेमचे बोल्ट सगळ्यात शेवटी. गाडीखाली जाताना अ‍ॅक्सल स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचे पक्के आधार) हवेतच, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी खाली सरकायचं नाही. वडिलांनी दापोडीला आख्ख्या एसट्या उचलल्या असतील, पण तिथे पिट होता.

तीन गोष्टींना घाईत हात लावू नका. एअरबॅग: बॅटरी काढा, माझदाच्या पुस्तिकेत सांगितलंय तेवढा वेळ थांबा, मगच प्लग सोडवा, आणि बॅग ठेवताना कव्हरची बाजू वर. एअरकॉन असेल तर त्यातला गॅस परवाना असलेल्या माणसाकडून आधी काढून घ्या. हवेत सोडणं बेकायदा आहे. आणि कूलंट. ते गोडसर असतं, मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात. ट्रे लगेच झाका, जुन्या तेलासोबत कौन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरला द्या.

नट-बोल्टांबाबत एकच नियम पाळा. भाग काढला की त्याचे बोल्ट शक्यतो त्याच भोकात हाताने परत फिरवून ठेवायचे. जिथे जमत नाही तिथे फ्रीझरची झिपवाली पिशवी, आत बोल्ट आणि मराठीत चिठ्ठी: ‘गिअरबॉक्स-इंजिन, वरचे दोन लांब, डावीकडचा आखूड’. पिशवी त्या भागालाच बांधा. फोटो काढण्याआधी चिठ्ठी लावा, म्हणजे फोटोतही दिसेल.

वायरिंगचं विचारलंत. बहुतेक जण इथेच कात्री काढतात आणि इथेच फसतात. हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, अखंड बाहेर काढायचा. एकही वायर कापायची नाही, अगदी रेडिओचीसुद्धा. प्रत्येक प्लग सोडवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून एकच नाव लिहा, एक फोटो जवळून आणि एक लांबून. हार्नेस फायरवॉलमधून रबरी ग्रोमेटमधून जातो. तिथे प्लग अडकतो आणि माणसाचा संयम संपतो. ग्रोमेट साबणाच्या पाण्याने सैल करा, एक-एक प्लग तिरका करून ओढा. बाहेर आल्यावर तो जमिनीवर गाडीत होता तसाच पसरून ठेवा, इंजिनकडचं टोक एका बाजूला, डिकीकडचं दुसऱ्या. इंजिनचा कॉम्प्युटर, चावीचं कुलूप, चावी, आणि इमोबिलायझर असेल तर त्याचा डबा हे एकाच कुटुंबातले, त्यांची ताटातूट करायची नाही. नको त्या वायरी काढायचं काम नंतर, जमिनीवर, बॅटरी लावून इंजिन चालू होतंय हे पाहत-पाहत. खिडक्यांच्या मोटारीची एक वायर काढली, इंजिन चालू केलं. चाललं की पुढची. कंटाळवाणं काम आहे आणि वडिलांच्या पिढीच्या माणसांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

विकायचं काय? हार्डटॉप असेल तर तो, सीटा, दरवाजे, कापडी छत, डिकीचं झाकण, दिवे, अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट. यांना गिऱ्हाईक असतं. हे किटच्या यादीशी ताडून लगेच विका, जागाही मोकळी होईल. बाकीचं आयव्हीए पास होईपर्यंत ठेवा. वायपरची मोटार, वॉशरचा पंप, हॉर्न, हँडब्रेकचा लिव्हर, ब्रेक ऑइलची बाटली आणि तिच्यातला पातळी सांगणारा सेन्सर, कुलपासकट स्टिअरिंग कॉलम, स्पीडोमीटर. दिसायला फुटकळ, पण चाचणीत तपासनीस नेमकी यांच्याकडे वळतो. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवलेला चालत नाही. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी दर ३०० मिलिमीटरला क्लिपने धरलेल्या हव्यात, म्हणून चांगल्या क्लिपाही जपून ठेवा. बाहेरच्या बाजूला १०० मिलिमीटरचा गोळा जिथे टेकू शकतो तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. दारांच्या कडेचं रबर त्याला कामी येतं, ते फेकू नका. ब्रेकच्या जुन्या नळ्या मात्र कितीही चांगल्या दिसल्या तरी फेका.

पुण्याला नेण्याचा विचार सोडा. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही. त्यापलीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: उत्पादकाच्या मूळ नोंदीत बदल केलेली गाडी चालत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी पक्कं केलं. घरी बांधलेली गाडी तपासून नंबर देण्याची जी सोय इथे आहे, तशी तिथे आरटीओत नाही. गाडी इथली, इथेच राहणार.

राहिला दोन महिन्यांचा प्रश्न. बायकोचं म्हणणं मला रास्त वाटतं, आणि वरच्या क्रमाने गेलात तर ते पाळताही येईल. कारण गाडी खोललेल्या अवस्थेत फार काळ पडून राहणारच नाही. किट यायच्या तारखेपासून मागे मोजा. पाच-सहा आठवडे आधी सॉर्न, मग तेल मारणं, आतलं सामान, वायरिंग, आणि किट यायच्या आदल्या वीकेंडला बॉडी. तोवर दारात उभी असेल ती चालणारी लाल-निळी जी काही आहे ती गाडी. तिला भंगार कोण म्हणेल? ड्राइव्हवेच्या ऐवजी महिनाभर गॅरेज भाड्याने मिळालं तर अजून उत्तम. किट जूननंतर येणार असेल तर वडिलांना तिकीट पुढे ढकलायला सांगा. व्हिजिटर व्हिसावर त्यांना एका वेळी सहाच महिने राहता येतं, ते अ‍ॅक्सलच्या बोल्टांना तेल मारण्यात घालवू नका. वायरिंग आणि बॉडी उचलायचा दिवस त्यांच्यासाठी राखा. रिकामी बॉडी उचलायला इंजिन क्रेन किंवा सात-आठ धट्टीकट्टी माणसं लागतात. तुमच्या मंडळात दरवर्षी गणपतीचा मंडप उभारणारे असतील त्यांना आत्ताच सांगून ठेवा, सगळ्यांना हातमोजे द्या, आणि ‘उचला’ कोणी म्हणायचं ते आधी ठरवा. वडिलांनीच म्हणावं.